कंदील जयत व्हता

म्हणायचं होतं ‘पेशी फुगते’ आणि तोंडातून गेलं ‘भाऊ फुगतो’. आता बोला! पहिल्या वर्षाची शंभरेक पोरं समोर, अर्ध्या इंग्रजीत अर्ध्या मराठीत चाललेला तास, फळ्यावर रक्तवाहिनीचा आडवा छेद काढलेला, आणि सुकदेव नेहेते, शरीरक्रियाशास्त्राचे व्याख्याते, ठणठणीत आवाजात सांगून मोकळे झाले की ऑक्सिजन कमी पडला की भाऊ फुगतो. मागच्या बाकांवरून हसण्याची एक उकळी आली आणि पुढच्या बाकांपर्यंत येऊन फुटली. सुकदेवही हसला. हसण्यावारी नेलं नाही तर पोरं वर्षभर पिच्छा सोडत नाहीत, एवढं त्याला कळत होतं. मग त्याने चूक सुधारून पुन्हा सांगितलं. रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीचं अस्तर असतं. शहाबादी फरशी बसवावी तशा पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या. रक्त वाहतं ते यांच्या अंगावरून, म्हणून कुठे चिकटत नाही, अडत नाही. हवा भरपूर आहे तोवर या बायका मोठ्या गुणाच्या. हवा तुटली की यांचा स्वभाव पालटतो. फुगतात, मधल्या सांध्यांत फटी पडतात, गुळगुळीत अंग चिकट होतं, जाणाऱ्या-येणाऱ्या पांढऱ्या पेशींना धरून ठेवतात, नळीला आवळून घे म्हणतात. तेवढ्यात पिंपळनेरची एक मुलगी उठली, कधी न बोलणारी. “सर, मग हवा परत मिळाली की त्या पहिल्यासारख्या होतात?” सुकदेवच्या हातातला खडू फळ्यावर टेकलेला होता, तो तसाच राहिला. होतात, असं म्हणणं सोपं होतं. पुस्तकात लिहिलं होतं त्याच्या बरोबर उलट. खरी पडझड हवा परत आल्यावर होते. चिकटलेलं सुटत नाही, रक्त येतं पण आत जात नाही, दार आतून फुगून बसलेलं असतं. “होतात,” तो म्हणाला. “बहुतेक होतात.” आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गाबाहेर पडला.

व्हरांड्यातून चालताना त्याला स्वतःचीच चीड आली. ही थाप त्याने आज पहिल्यांदा मारलेली नव्हती. हीच थाप गेल्या वर्षी त्याने रावेरच्या बाजूला, आपल्या घराच्या ओट्यावर, वहिनीला मारली होती. मंदावहिनी म्हणाली होती, “भाऊजी, तुमी एवढे शिकले, खरं सांगा, हे बरे व्हतील का?” आणि सुकदेव भावाच्या चेहऱ्याकडे न बघता म्हणाला होता, “वर्षभर धीर धरा. वर्षात येतो माणूस ताळ्यावर.” कशाला म्हणाला असेल वर्ष? सहा महिने म्हणायला लाज वाटली आणि दोन वर्षं म्हणायला भीती वाटली, एवढंच. पण बाईने शब्द गाठीला बांधून ठेवला. वर्ष भरलं, आणि आज दुपारच्या एस.टी.ने ती तोतारामभाऊला घेऊन धुळ्याला येणार होती. तपासायला म्हणून नाही. जळगावच्या डॉक्टरांनी काय तपासायचं ते तपासून झालं होतं. ती उत्तर घ्यायला येत होती, आणि सुकदेवला ते पक्कं ठाऊक होतं. कालपासून जेवण गोड लागत नव्हतं त्याला. बायको शिंदखेड्याला माहेरी गेलेली, त्यामुळे निदान कोणी विचारायला नव्हतं.

तो प्रयोगशाळेत येऊन बसला. प्रयोगशाळा कसली, एका टोकाची खोली. एक सूक्ष्मदर्शक, उष्णपेटी म्हणून एक कपाट, आणि टेबलावर त्याची ती बरणी. जाड काचेची, घासलेल्या झाकणाची, झाकणाच्या कडेला व्हॅसलीन लावलं की हवा इकडची तिकडे होत नाही अशी. बाळंतिणीच्या वॉर्डातली आया भिकुबाई त्याला कधीमधी नाळ आणून द्यायची, बाळंतिणीच्या घरच्यांना विचारूनच. नाळेतल्या शिरेचं अस्तर सोडवून तो काचेच्या बशीत वाढवायचा. ती बशी बरणीत ठेवायची, शेजारी पेटती मेणबत्ती, वरून झाकण. ज्योत हवा खात खात बारीक होते आणि विझते. पण ज्योत मोठी नाजूक, ती विझते तेव्हा हवा पुष्कळ उरलेली असते. म्हणून उरलेली खायला तो मोड आलेले हरभरे ठेवायचा. नागपूरच्या परिषदेत त्याने हे सांगितलं तेव्हा मुंबईच्या एका मोठ्या माणसाने शांतपणे विचारलं होतं, नंतर त्या चण्यांची उसळ करता का? सभागृह हसलं. सुकदेवही हसला होता, आजच्यासारखाच. त्यांच्याकडे ऑक्सिजन हटवायला नायट्रोजनचे नळ होते. इकडे वीज गेली की कपाट थंड पडायचं आणि भिकुबाई दारातून डोकावून विचारायची, “बठ्ठा मरी गयात का हो साहेब?” बहुतेक वेळा सगळ्या मेलेल्याच असायच्या. सुकदेव बशी धुऊन पुन्हा मांडायचा. लोकांना वाटायचं, याला पीएच.डी.चं वेड लागलंय. लागू दे वाटायला. त्याला एवढंच बघायचं होतं की फुगलेलं अस्तर कशाने तरी, कुठल्याही औषधाने, कुठल्याही पाण्याने, उतरतं का. कधी थोडं उतरल्यासारखं दिसायचं, मग दुसऱ्या बशीत दिसायचं नाही. त्यालाच खात्री वाटायची नाही की तो पेशी बघतोय की भावाचं डोकं बघतोय.

त्या विहिरीवर सुकदेव नव्हता. तरी ती विहीर त्याला पाठ होती, कारण वहिनीने ती इतक्या वेळा सांगितली होती की आता ती त्याच्याही डोळ्यांनी बघितल्यासारखी झाली होती. पाणी खोल गेलं तसं सगळ्यांनी केलं तेच भाऊने केलं, डिझेलचं इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलं, पाण्याच्या जवळ. केळी ऐन घडावर होती. त्या दिवशी इंजिन सकाळपासून चालू होतं आणि पाणी कमी यायला लागलं, म्हणून भाऊ बघायला उतरला. उतरण्याआधी कंदील सोडला. हा वडिलांचा नेम. विहिरीत उतरायचं तर आधी पेटता कंदील दोराने खाली सोडायचा. तो विझला तर खाली हवा नाही, उतरायचं नाही. उतरल्यावर कंदील आपल्या जवळ खिळ्याला टांगायचा, आणि तो विझला की दोर हलवायचा, वरच्याने ओढून घ्यायचं. वडील सांगायचे, कंदिलावर नजर ठेव, बाकी कशाला भ्यायचं नाही. तोतारामने आयुष्यभर तेच केलं. त्या दिवशीही कंदील झक्क जळत खाली गेला. भाऊ उतरला. वर विहिरीच्या काठावर, थारोळ्यापाशी वहिनी दोर धरून बसली. ती सारखी वाकून बघत होती, आणि खाली कंदील जळतोय हे बघून निश्चिंत होत होती. “कंदील जयत व्हता ना भाऊजी,” ती प्रत्येक वेळी इथपर्यंत आली की म्हणायची, “चांगला जयत व्हता.” ‘जळत’ला ‘जयत’ म्हणणारं हे घरचं बोलणं, सुकदेवने धुळ्यात राहून ते कधीच सोडून दिलं होतं, पण हा एक शब्द मात्र त्याच्या कानात वहिनीच्याच उच्चाराने बसला होता. इंजिनाचा आवाज बंद पडला तरी कंदील जळत होता. हाका मारल्या तरी उत्तर नाही, कंदील जळतोच आहे. शेवटी शेजारच्या मळ्यातला पुना धावत आला, तोंडाला ओलं फडकं बांधून उतरला आणि भाऊच्या काखेत दोर अडकवून त्याला वर घेतलं. वर आणला तेव्हा चेहरा कसा, तर गुलाबी, तुकतुकीत. जमलेल्या बायका म्हणाल्या, काही नाही, झोप लागली बापड्याला.

आता यातली गोम सुकदेवला पहिल्या दिवशीच कळली होती. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो, त्याला ना वास ना रंग. तो रक्तात हवेची जागा बळकावून बसतो. माणूस हवेत बसून हवेवाचून जातो. आणि कंदिलाला त्याचं काही सोयरसुतक नसतं. कंदील जळत राहतो. वडिलांचा नेम खोटा नव्हता, पण तो इंजिन विहिरीत उतरण्याच्या आधीच्या विहिरीचा होता. हे त्याने वहिनीला कधी सांगितलं नाही. कसं सांगणार? ती रोज तोच कंदील डोळ्यांसमोर आणून स्वतःला सोडवून घेत होती. कंदील जळत होता म्हणजे हवा होती, हवा होती म्हणजे आपण वेळेवर ओढलं नाही असं नव्हतं. तिने विचारलं, “मी काही चुकली का हो?” तर तो म्हणाला, “कंदील जळत होता वहिनी. तुम्ही काय करणार?” हे तसं खोटंही नव्हतं. खोट्याहून वाईट होतं, पण खोटं नव्हतं.

त्यातून देवाने आणखी एक थट्टा केली. भाऊ बरा झाला! दुसऱ्या दिवशी जळगावच्या दवाखान्यात डोळे उघडले, चहा मागितला, इंजिन कोणी वर काढलं म्हणून पुनाकडे चौकशी केली. घरी आला. वहिनीने मरीआईला नवस बोलला होता, सगळ्या गावाला वरण-बट्टीचं जेवण घातलं, वांग्याची भाजी घोटली, आणि भाऊ स्वतः पंगतीत तूप वाढत फिरला. सुकदेव जेवायला गेला होता. “काय रे डाक्टर,” भाऊ त्याच्या पानात तूप ओतत म्हणाला, “आमाले काय व्हतं!” ते भावाचं त्याच्याशी शेवटचं नीट बोलणं. तीनेक आठवडे असे सरळ गेले आणि मग एका सकाळी तोतारामला सदरा कसा घालायचा ते कळेना. बाही हातात धरून उभा राहिला. चार दिवसांनी आपल्याच केळीच्या ओळींमध्ये फिरत राहिला, बाहेर यायची वाट सापडेना. पुढे कपड्यांतच होऊ लागलं, मग बोलणं एकेक शब्दाने आटलं आणि थांबलं. डॉक्टर म्हणाले, या वायूचं असं होतं कधी कधी. माणूस परत येतो आणि मग जातो. सुकदेवला वाटत राहिलं की हवा परत मिळाली तेव्हा आत, बारीक बारीक शिरांमध्ये, सगळी दारं फुगून बसलेली होती. वरून तूप वाढणं चाललं होतं आणि आतून घर एकेक खोली करत बंद होत होतं. 

दुपारी ती दोघं आली. सुकदेव त्यांना घ्यायला स्टँडवर जाणार होता, पण निघतो निघतो म्हणता वेळ काढला आणि वहिनी विचारत विचारत थेट प्रयोगशाळेच्या दारातच येऊन उभी राहिली. भाऊचा हात तिच्या हातात. भाऊ अंगाने भरला होता, दाढी केलेली, टोपी सरळ, शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेली. कोणी म्हटलं असतं, तालुक्याच्या कामाला आलेला पाटील आहे. “बसा भाऊ,” सुकदेव म्हणाला. भाऊ उभाच. वहिनीने खांद्याला दाबलं तेव्हा स्टुलावर बसला आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागला. वहिनीने पाणी प्यायलं नाही. पिशवीतून केळी काढून टेबलावर ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “झालं बरं वरीस, भाऊजी.”

सुकदेव म्हणाला, “हो. एवढं हातातलं करतो. या पेशी थांबत नाहीत.” थांबल्या असत्या. पेशींना कसली घाई होती? पण हात कशात तरी घालायला हवे होते. त्याने बशी बरणीत ठेवली, हरभऱ्याची वाटी ठेवली, मेणबत्ती लावली. “हे काय करता?” वहिनीने विचारलं. तो सांगू लागला, आणि सांगताना बरं वाटलं, वर्गात वाटायचं तसं. की हवा कमी करायची, आणि शिरांच्या अस्तराचं काय होतं ते बघायचं. “म्हणजे हिरीतल्यासारखं,” वहिनी म्हणाली.  सुकदेवने झाकण ठेवलं आणि फिरवून घट्ट बसवलं. ज्योत जराशी उंच झाली, मग बुटकी. मग निळसर होऊन वातीला चिकटली.  ज्योत गेली. बारीक धूर काचेतल्या काचेत फिरला.

“ओढ!”

सुकदेवला आधी वाटलं, बाहेर कोणी ओरडलं. भाऊ स्टुलावरून अर्धा उठला होता. डोळे बरणीवर. एक हात वर, मूठ हवेत, आणि ती मूठ खाली-वर, खाली-वर होत होती. “ओढ! मंदे, ओढ मले! इझला!” आवाज वर्षभर न वापरल्यामुळे खरखरीत, पण भाऊचाच; मळ्यातून घरापर्यंत जाणारा. मग मूठ सुटली, तो खाली बसला, आणि भिंत बघू लागला.

वहिनीचा चेहरा सुकदेवला बघवेना, इतका तो उजळला. “बोलले! भाऊजी, बोलले! माह्यं नाव घेतलं, आयकलं ना तुमी?” ती रडत होती, हसत होती, भाऊचा गाल, हनुवटी, कान चाचपत होती. “आहो, बोला ना. मी इथीच हाये. बोला ना काहीतरी.”  तिने हलवून पाहिलं, केळं सोलून तोंडाशी धरलं. त्याने ते खाल्लं, भिंतीकडे बघत. मग ती बरणीकडे वळली. “पुन्हा लावा.”

“वहिनी, नको.”

“लावा म्हनते ना मी.”

त्याने लावली. दोन काड्या फुकट गेल्या. झाकण. ज्योत बुटकी झाली, निळी झाली. सुकदेव मनातल्या मनात म्हणत होता, नको बोलू रे भाऊ, या वेळी नको बोलू, एकदाच होतं ते असं ठरू दे. ज्योत विझली आणि भाऊ उठला. तोच हात, तीच मूठ, “ओढ! मंदे, ओढ मले! इझला!” त्याच शब्दांत, एक कमी नाही, एक जास्त नाही. या वेळी वहिनी हसली नाही. ती तशीच उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू वर येताना सुकदेवला दिसलं, आणि त्याला कळलं की आता ते अडवता येणार नाही.

“हे तं कंदील इझाची वाट पाहत बसले व्हते,” ती म्हणाली.

सुकदेवने बरणीचं झाकण काढलं.

“अन् मी बी. वरतून मी बी तेच पाहत व्हती. तो इझलाच नाही.” तिचा आवाज अगदी साधा होता, भाव विचारावा तसा. “तो इझनारच नव्हता का, भाऊजी?”

“नव्हता. त्या वायूने नाही विझत.”

“तुमाले माहीत व्हतं?”

“हो.”

“कवापासून?”

“पहिल्यापासून.”

तिने मान हलवली. त्याला वाटलं, ती आता बोलेल, शिव्या देईल, कपाळ बडवेल; देवाशपथ, त्याला ते हवं होतं. ती भाऊच्या तोंडाला लागलेलं केळं पदराने पुसत राहिली. पुसून झाल्यावर म्हणाली, “आता वरसाचं सांगा. बरे व्हतील?”

फळ्यावर टेकलेला खडू सुकदेवला आठवला. “नाही,” तो म्हणाला. “नाही वहिनी. आता नाही होत.”

बाहेर वॉर्डाकडे कोणाचं तरी मूल रडत होतं. भिकुबाई दारातून डोकावली आणि आतले चेहरे बघून काही न विचारता निघून गेली.  वहिनीने बरणीच्या काचेवरून हात फिरवला. “ही बरनी मले द्या.”

“कशाला?” विचारलं खरं, पण त्याला कळलं होतं. “वहिनी, ते बोलणं नव्हे. त्यांना ते काही कळत नाही. तेवढाच एक धागा उरलाय आत, तो हलतो. आणि त्यांना दर वेळी तिथेच... तिथे खाली असल्यासारखं होत असेल. हाल आहेत ते त्यांचे.”

“असतीन,” ती म्हणाली. “पन मले हाका तं मारतात. त्या दिवशी मी आयकलं नव्हतं. आता आयकते.”

 सुकदेवकडे तशी एकच बरणी होती, दुसरी मुंबईहून आणावी लागली असती. त्याने बशी बाहेर काढून टेबलावर ठेवली, हरभऱ्याची वाटी काढली, काच पुसली, झाकणाच्या कडेला थोडं व्हॅसलीन आणखी लावलं आणि कसं फिरवायचं ते दाखवलं. तिने लगेच जमवलं. जुन्या वर्तमानपत्रांत बरणी गुंडाळून तिघं स्टँडवर गेली. जळगावची गाडी लागलेलीच होती. भाऊला खिडकीशी बसवलं, वहिनी कडेला बसली, बरणी मांडीवर, दोन्ही हात तिच्याभोवती. सुकदेव खाली उभा राहून खिडकीतून भावाकडे बघत होता. भाऊ समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होता. ड्रायव्हर चढला. काहीतरी बोलायला हवं म्हणून सुकदेव म्हणाला, “मेणबत्त्या नाही दिल्या मी.”

“रावेरले मियतात,” वहिनी म्हणाली.

गाडी गेली. तो परत आला तेव्हा वीज गेलेली होती आणि कपाट थंड होत चाललं होतं. बशी टेबलावर उघडीच होती. सवयीने त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, आरसा खिडकीच्या उजेडाकडे फिरवला आणि डोळा लावला. पेशी फुगलेल्या, फटी पडलेल्या, पण अजून बशीला धरून होत्या. त्या धरून होत्या तोवर तो बघत राहिला, आणि त्याची उजवी मूठ, त्याला न कळता, टेबलाच्या कडेशी खाली-वर होत होती.